शेवटचे दहा चाकासाठी ठेवा

दिवाळीच्या आगेमागे अकलूजला घोडेबाजार भरतो. घेणारा जाणता असेल तर तो आल्या आल्या 'पळवून दाखव' म्हणत नाही. आधी दात बघतो, खूर उचलून बघतो, मग रेवाल चालीवर दोन फेऱ्या मारायला लावतो. फेरी संपली की त्याची नजर घोड्याच्या नाकपुड्यांकडे आणि बरगड्यांकडे जाते. घोडा किती पळाला हे सगळ्यांनाच दिसतं. पळून झाल्यावर अंगात किती उरलं, हे त्याला बघायचं असतं.

विजेवर चालणारं एकचाकी वाहन मी घेतलं तेव्हा ही नजर माझ्याकडे नव्हती. खोक्यावर 'ताशी ५० किलोमीटर' असं छापलेलं होतं आणि मी तेवढंच वाचलं. पुढं काय झालं ते सांगतोच. पण ज्यांनी हे चाक नुकतंच घेतलंय, किंवा ज्यांच्या घरातल्या पोराने हट्ट धरलाय, त्यांनी आधी हे यंत्र उभं कसं राहतं ते समजून घ्यावं. ते समजलं की निम्मे अपघात टळतील, असं माझं मत आहे.

दोन पायांच्या मधे एकच चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पट्ट्या. हँडल नाही, सीट नाही, ब्रेकचा दांडा नाही. शेन चेन या अमेरिकेतल्या संशोधकाने 'सोलोव्हील' नावाने २०११ च्या सुमारास हे बाजारात आणलं. नंतर किंगसाँग, इनमोशन, गॉटवे (आताचं बिगोड) अशा चिनी कंपन्यांनी ते दणकट आणि वेगवान केलं. एकचाकी म्हटलं की गवंडीकामावरची ढकलगाडी डोळ्यापुढे येते, म्हणून मी याला नुसतं 'चाक' म्हणतो. गल्लीतली पोरं 'सर्कस' म्हणतात, तेही चुकीचं नाही.

लहानपणी तळहातावर काठी उभी धरायचा खेळ तुम्ही खेळला असाल. काठी पुढे कलली की हात पुढे पळवायचा, मागे कलली की मागे. चाक नेमकं हेच करतं. काठी म्हणजे तुम्ही, हात म्हणजे मोटर. आतला सेन्सर तुमचा कल सतत मोजत असतो आणि मोटर चाकाला तुमच्या खाली आणत राहते. पुढे झुकलात की चाक पुढे पळतं, मागे झुकलात की हळू होतं. वेग वाढवणं, थांबणं आणि उभं राहणं ही तिन्ही कामं एकाच मोटरची. आता विचार करा: काठी पुढे कलली आहे आणि हात आधीच जिवाच्या आकांताने पळतो आहे. त्याला आणखी जोरात पळता येत नाही. मग काठीचं काय होईल?

मोटरसायकल कमाल वेगाला पोचली तर फार तर आणखी पळत नाही. चाक कमाल वेगाला पोचलं तर तुम्हाला उभं ठेवायला त्याच्याकडे काही उरत नाही, आणि तुम्ही तोंडावर पडता.

हे उरणं-न उरणं कशावर ठरतं, ते विहिरीवर मोटर असणाऱ्यांना चटकन समजेल. पाणी खोल गेलं, हेड वाढलं, की तीच मोटर कमी पाणी फेकते. एका हेडला तर ती नुसती फिरते, पाणी येतच नाही. चाकाच्या मोटरमध्ये वेग हाच हेड समजा. मोटर फिरायला लागली की तिच्याच आत बॅटरीच्या विरुद्ध दिशेचा विजेचा दाब तयार होतो. वेग दुप्पट झाला की हा उलटा दाबही दुप्पट. बॅटरीच्या दाबातून तो वजा जाऊन जे उरतं, त्यावरच करंट वाहतो आणि करंटवर ताकद अवलंबून. वेग वाढत जातो तशी हाताशी असलेली ताकद घटत जाते, आणि एका वेगाला ती शून्य होते.

आता यात बॅटरी आणा. बऱ्याच मध्यम चाकांत, उदाहरणार्थ किंगसाँगच्या १६ एक्समध्ये, ८४ व्होल्टची बॅटरी असते. म्हणजे २० सेल एकापुढे एक जोडलेले, पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. वापरता वापरता सेल ३.३ व्होल्टवर आला की एकूण दाब ६६ होतो. समजा भरल्या बॅटरीवर चाक हातात उचलून मोकळं फिरवलं तर ते ताशी ७० पर्यंत जातं. दाब ६६ वर आला की तेच चाक मोकळं फिरूनही ५५ च्या पुढे जाणार नाही. हे झालं हवेत, बिनभाराचं. त्यावर ८० किलोचा माणूस, समोरचा वारा आणि चढ ठेवा. शिवाय भार पडला की बॅटरीचा दाब त्या क्षणापुरता आणखी खाली बसतो, जसा संध्याकाळी सगळ्यांच्या पाण्याच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की घरातला दिवा मंद होतो. तेव्हा सकाळी भरल्या बॅटरीवर ज्या वेगाने मजेत गेलात, तोच वेग परत येताना, बॅटरी निम्म्याखाली असताना, कड्याची धार असू शकतो. खोक्यावरचा आकडा एकच असतो, चाकाची कमाल मात्र दर मिनिटाला उतरत असते.

माझं पडणं असंच झालं. प्लॉटिंगचा सिमेंटचा रिकामा रस्ता, संध्याकाळची वेळ, बॅटरी ४० टक्क्यांवर आणि समोरून वारा. सकाळी ४६ चा वेग दिसला होता, तो पुन्हा बघायचा होता. ४० च्या पुढे चाकाने 'पीं पीं' सुरू केलं. मला वाटलं, अजून दहा बाकी आहेत. पंजावर जोर देऊन आणखी झुकलो. पायाखालून पाट काढून घ्यावा तसं झालं. मनगटाच्या गार्डचं प्लास्टिक निम्मं घासून गेलं, हेल्मेटच्या हनुवटीला चर पडला आणि चाक कडेच्या बाभळीत जाऊन घरघरत राहिलं. यंत्राचा यात काही दोष नव्हता. ते सांगत होतं, मीच ऐकलं नाही.

घोडा दमला की तोंडाला फेस येतो, पाऊल जड पडतं, बसणाऱ्याला मांडीखाली समजतं. चाक तसं दमून दाखवत नाही. शेवटच्या क्षणापर्यंत तितकंच मऊ, तितकंच गुपचूप चालतं, आणि मग एकदम नसतंच. म्हणून कंपन्यांनी दोन इशारे दिलेले असतात. पहिला आवाजाचा. दुसरा म्हणजे पट्ट्यांचं पुढचं टोक वर उचललं जातं आणि तुम्हाला मागे रेललं जातं. दोन्हींचे वेग बऱ्याच चाकांत मोबाइलच्या ॲपमधून ठरवता येतात. काही हौशी मंडळी कटकट नको म्हणून आवाज बंद करतात आणि रेलणं पार वरच्या आकड्यावर नेऊन ठेवतात. हे म्हणजे बोअरच्या मोटरचा स्टार्टर ट्रिप होतो म्हणून त्यात तार टाकून ठेवण्यासारखं आहे. मोटर जळते ती जळतेच. इथं जळणारी वस्तू म्हणजे तुमची हनुवटी.

माझा हिशेब साधा आहे. चाकावर ५० लिहिलं असेल तर शेवटचे दहा माझे नाहीत, चाकाचे आहेत. भरल्या बॅटरीवर ४० ही माझी हद्द, आणि पहिला इशारा ३५ वर. बॅटरी निम्म्यावर आली की हद्द ३५. तीस टक्क्यांखाली २५, म्हणजे घरी जायचा वेग. तुमचं वजन ९० च्या पुढे असेल तर यातून आणखी पाच कमी करा. ताशी ३० चं लहान चाक असेल तर दहाऐवजी सात-आठ सोडा. जे शिल्लक ठेवायचं ते फुकट जात नाही. अचानक खड्डा आला, वाऱ्याचा झोत आला, की तेच तुम्हाला सावरून धरतं.

एक बारकावा नीट लक्षात घ्या. एका लयीत ४० ने चालणाऱ्यापेक्षा ३५ वरून ४० ला जोर लावून जाणारा जास्त धोक्यात असतो. वेग टिकवायला ताकद कमी लागते, वाढवायला जास्त. वरच्या वेगाला जायचंच असेल तर सावकाश जा, घोटा किंचित दाबत, कमरेतून न वाकता. कमरेतून वाकणारा माणूस एका क्षणात दहा किलो वजन पुढे टाकतो आणि चाकाला विचारतसुद्धा नाही. इशारा वाजला की आहे त्या स्थितीतून हळूहळू मागे या. दचकून मागे बसू नका.

वाऱ्याकडे लोक लक्ष देत नाहीत. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समोरून ताशी २० चा वारा असेल आणि तुम्ही ४० ने जात असाल तर अंगावर ६० चा मारा असतो, म्हणजे बिनवाऱ्याच्या सव्वादोन पट. वळवाच्या आधी आपल्याकडे जे वावटळी वारं सुटतं, त्यात वेगाचा विचारच सोडा.

आता रस्ता. एका चाकाला दगड चुकवता येतो, पण दिसला तर. आपल्या भागात गळीत हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर अकलूज, यशवंतनगर, माळीनगर या पट्ट्यात रात्रंदिवस चालू असतात. मागे सांडतात उसाची कांडी, वाढं आणि पाचट. मोटारीला कांडं म्हणजे काहीच नाही. चाकाखाली आलं तर ते लाटण्यासारखं फिरतं. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या टायरला चिकटून आलेली काळी माती डांबरावर पडते, वरून सुकलेली दिसते आणि आतून लोणी असते. या दोन्ही गोष्टी असतील तिथे २० च्या वर जाऊ नये.

गतिरोधकाचं गणित वेगळं. चाक उंचवट्याला धडकलं की क्षणभर अडखळतं, पण तुमचं शरीर पुढेच जात राहतं. म्हणजे नको असताना पुढे झुकणं झालं, आणि मोटरला एकदम जादा ताकद काढावी लागते. शिल्लक असेल तर ती काढते. उंचवट्यावरून चाक उडालं तर हवेत ते मोकळं फिरतं आणि खाली टेकताना पुन्हा सावरावं लागतं, तेही त्या शिलकीच्याच जिवावर. गुडघे सैल, वेग पंधरा-वीस, एवढंच.

म्हणून वेगाची फेरी मारण्याआधी त्याच रस्त्यावरून एक फेरी सावकाश मारायची. तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण अकलूजला होतं, ते तुम्ही पाहिलं असेल. अश्व लगेच सुटत नाही. आधी पताकाधारी धावतात, तुळशी आणि हंडा डोक्यावर घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात. अश्व सुटेपर्यंत ती वाट कितीतरी पावलांनी तुडवलेली असते. त्यामागची श्रद्धा वेगळी आणि मोठी आहे, पण चाकवाल्याने त्यातून एवढं घ्यावं की ज्या वाटेवर आज पाय पडला नाही, तिथे आज वेग नाही. कालचा स्वच्छ रस्ता कालचा होता.

उभं राहायची पद्धत शब्दांत सांगणं अवघड आहे, तरी सांगतो. पाय एका रेषेत न ठेवता एक पाऊल अर्धा इंच पुढे. भार पंजावर नको, टाचेवर नको, तळव्याच्या मधोमध. गुडघे असे सैल की खालचा धक्का कमरेपर्यंत येऊ नये. पिंडऱ्यांनी चाकाला हलकेच स्पर्श, आवळणं नाही. नवखा माणूस वेगात आवळतो आणि तिथूनच 'वॉबल' सुरू होतो: चाक डावी-उजवीकडे लटपटायला लागतं, आणि आवळावं तितकं वाढतं. तेव्हा घाबरून जोरात ब्रेक मारणारे बहुतेक पडतात. गुडघे वाकवा, भार किंचित एका पायावर द्या, चाकाला हलक्या वळणावर घ्या आणि वेग सावकाश उतरू द्या. दमलेल्या पायांना वॉबल लवकर गाठतो. वीस-पंचवीस मिनिटांनी उतरून पाय मोकळे करा, त्यात कमीपणा नाही. टायरमध्ये हवा कमी असली तरी हेच होतं. मीटर लावून दर आठवड्याला हवा बघा, अंगठ्याने दाबून नव्हे.

थांबण्याचा सराव वेगाच्या सरावाआधी. रस्त्यावर फक्कीने एक आडवी रेघ मारा. २० ने या, रेघेवर आलात की खुर्चीत बसल्यासारखं कुल्ले मागे आणि खाली न्या, आणि कुठे थांबलात ते पावलांनी मोजा. मग २५, मग ३०. वेग दुप्पट झाला की अंतर दुप्पट नाही, साधारण चौपट होतं, हे पावलांनी मोजल्यावर जसं पटतं तसं वाचून पटत नाही. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. कुत्रं आडवं आलं हे डोक्यात शिरेपर्यंत तुम्ही तेवढे पुढे गेलेले असता.

ब्रेकविषयी आणखी एक, जे विकणारा सहसा सांगत नाही. चाक थांबताना मोटर वीज तयार करते आणि ती बॅटरीत परत जाते. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर त्या विजेला जागा नसते. अशा वेळी उतारावर किंवा जोरात ब्रेक मारताना चाक इशारे द्यायला लागतं, आणि तरी रेटलं तर साथ सोडू शकतं. बाहेर पडताच उतार असेल तर चार्जिंग ९० टक्क्यांवर काढा, किंवा पहिले दोन किलोमीटर सपाटीवर घालवा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. दुपारी मोटर आणि आतला कंट्रोलर दोन्ही तापतात, आणि तापलेल्या चाकाकडून जोराची अपेक्षा करू नये. सकाळी सात-आठपर्यंत चालवा किंवा ऊन उतरल्यावर. आणि पावसाळ्यात पाण्यातून आलेलं चाक तसंच चार्जिंगला लावू नका.

कपड्यांवर पैसे वाचवू नका. चाकावर वाचवा, लहान घ्या. २०-२५ च्या वेगापर्यंत चपळ माणूस चाकावरून उतरून चार पावलं पळून सावरू शकतो. त्यापुढे पाय पळू शकत नाहीत, तिथे पडणं पक्कं. पडणं पुढेच असतं, म्हणून हनुवटी झाकणारं पूर्ण हेल्मेट, आयएस ४१५१ चा आयएसआय शिक्का असलेलं. सायकलचं टोपडं इथे चालणार नाही. मनगटाला कडक प्लास्टिकचे गार्ड, म्हणजे हात रस्त्याला रुतण्याऐवजी घसरतो. गुडघ्याला, कोपराला कवच, घोटा झाकणारे बूट. एक कल्पना देतो: ताशी २५ ला शरीरात जेवढी ऊर्जा असते, तेवढी सुमारे अडीच मीटरवरून उडी मारल्यावर येते. ताशी ५० ला ती जवळजवळ दहा मीटरची होते, म्हणजे तिसऱ्या मजल्याची. रस्त्यावर घसरताना ती सगळी एकदम बसत नाही हे खरं, पण विजेचा खांब मधे आला तर बसते.

हे सगळं करायचं कुठे? कायदा इथे सरळ आहे. विजेचं दोनचाकी वाहन २५० वॅटपेक्षा कमी ताकदीचं आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचं असेल, तर इतर अटी पाळून त्याला नोंदणीतून सूट मिळते. तुमचं चाक दोनचाकी नाही, ताकद त्याच्या कितीतरी पट आणि वेग दुप्पट. मोटार वाहन कायद्यात नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालवता येत नाही, आणि या चाकाला नंबर प्लेट नाही. म्हणजे कुणाला लागलं तर विमाही नाही. तेव्हा पालखी मार्ग रुंद आणि गुळगुळीत झाला म्हणून तिकडचा मोह होऊ देऊ नका. तो राष्ट्रीय महामार्ग आहे. वीस-पंचवीस किलोचं चाक तुमच्या पायाखालून सुटलं की तुमचं ऐकत नाही. ते पुढच्याच्या मोटरसायकलखाली जातं.

फाटक असलेली खाजगी जागा शोधा. मालकाला विचारून प्लॉटिंगचे रिकामे रस्ते, स्वतःच्या रानातली पक्की वाट, सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून एखाद्या संस्थेचं मैदान. बरोबर एक माणूस असू द्या, मोबाइल त्याच्या हातात. पहिले पाचशे किलोमीटर २५ च्या आत. कंटाळा येईल, येऊ द्या.

माझे ते घासलेले गार्ड मी फेकले नाहीत, चार्जरच्या वरच्या खिळ्याला अडकवलेत. तुमचं चाक आता घरात उभं असेल तर ॲप उघडा आणि पहिल्या इशाऱ्याचा आकडा बघा. तो बंद असेल किंवा कमाल वेगाला टेकलेला असेल तर आधी खाली आणा. फेरी उद्या मारता येईल.